दोन नंबरचा सिलिंडर आणि शालिग्रामभाऊ

"गाडी मिसिंग मारून राह्यली" असं म्हणत माणूस माझ्या वर्कशॉपमध्ये शिरतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हातात नव्या प्लगांचा डबा असतो. तो दुकानदारानं गळ्यात मारलेला असतो, नाहीतर मेहुण्यानं सुचवलेला असतो. गाडीचं बोनट अजून कोणी उघडलेलं नसतं. आजार कोणता ते माहीत नाही, पण औषध घेऊन झालेलं आहे. माझं डोकं तिथूनच तापायला लागतं.

जळगाव जामोदला, वरवट बकालकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एकतीस वर्षं मी पेट्रोल गाड्या दुरुस्त करतो आहे. त्यातही जुन्या. नव्या गाड्या कंपनीच्या दारात जातात; ज्यांना कंपनी ओळख दाखवत नाही त्या माझ्याकडे येतात. या एकतीस वर्षांत मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल, तर 'बदलून पाहू' या दोन शब्दांची. प्लग बदलून पाहू. कॉइल बदलून पाहू. पंप बदलून पाहू. सगळं बदलून झालं की शेवटचं वाक्य ठरलेलं: इंजिनाचं काम काढावं लागेल. म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण खोलायचं. न पाहता पोट फाडायला निघालेल्या डॉक्टरला आपण काय म्हणू? मिस्त्रीला मात्र कोणी काही म्हणत नाही.

मिसिंग म्हणजे काय, ते सांगतो. चार माणसांनी खाट उचलली आहे आणि चौघं एका तालात चालत आहेत असं समजा. त्यातल्या एकानं खांदा काढला की खाट डुगडुगते, उरलेले तिघं धापा टाकतात आणि वर झोपलेल्याला झटके बसतात. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर काम करेनासा झाला की हेच होतं. गाडी उभ्या उभ्या थरथरते, चढावर दम टाकते, आणि सायलेन्सरमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो.

सिलिंडरला काम करायला तीन गोष्टी लागतात. योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल, पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. यातली कोणती कमी पडते आहे हे आधी शोधायचं, मग हात घालायचा. एवढंच शास्त्र आहे. हल्ली स्कॅनर आला आहे. तो गाडीला जोडला की पडद्यावर येतं, 'दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर'. लोकांना वाटतं निदान झालं. अहो, स्कॅनर फक्त कोणतं मूल रडतंय ते सांगतो. त्याला भूक लागली आहे की मुंगी चावली आहे, ते आईलाच बघावं लागतं.

माझ्या भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर सात प्रश्न लिहिलेले आहेत आणि ते विचारल्याशिवाय बोनट उघडायचं नाही असा माझा नियम आहे. त्रास केव्हापासून आहे, गाडी थंड असताना होतो की गरम झाल्यावर, चढावर की सपाटीवर, दवात-पावसात की कोरड्या दिवशी, शेवटचं पेट्रोल कुठं भरलं, शेवटचा हात कोणाचा लागला, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काय केलं. सातवा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. पण धुतली, रंगवली, कापसाच्या गंजीशेजारी उभी केली, लग्नाला नेली, यातच अर्धी उत्तरं सापडतात. कापसाच्या गंजीशेजारी गाडी उभी राहिली की उंदीर इंजिनात कापूस नेऊन बाळंतपण उरकतात आणि डोहाळे पुरवायला वायरी खातात. हे स्कॅनर सांगत नाही.

एकदा मेहकरचे एक गुरुजी लेकीला भेटायला इकडे आले होते. त्यांची गाडी सिग्नलला उभी राहिली की बैलासारखी मान हलवायची. त्यांच्या गावच्या मिस्त्रीनं इंजिन उतरवायला सांगितलं होतं. मी प्रश्न विचारले. गुरुजी म्हणाले, "उभी असली की थरथरते, पळायला लागली की ठीक असते." एवढं पुरे होतं. इंजिनात हवा चोरून शिरत होती. इंजिन चालू ठेवून मी रबरी नळ्यांवर थोडं थोडं पाणी शिंपडत गेलो. एका नळीवर पाणी पडल्याबरोबर इंजिन शांत झालं, कारण पाण्यानं चीर बुजली. नळीला बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती. तेवढी नळी बदलली.

"म्हणजे इंजिन चांगलं आहे?" गुरुजींनी तीनदा विचारलं.

"इंजिनाले काहीच झालं नाही गुरुजी. सांगणाऱ्याच्या डोळ्याले झालं असंन."

हे वाक्य मी बरेच दिवस चवीनं सांगत फिरलो. म्हणून पुढची गोष्ट सांगणं मला भाग आहे. कारण त्यात न पाहणारा मिस्त्री मी आहे.

वरवट बकालचे नानासाहेब म्हणजे मोठे शेतकरी. संत्र्याची बाग, कापूस, दोन ट्रॅक्टर. त्यांच्याकडे एक जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. ती वीस वर्षं शालिग्रामभाऊ चालवत होते. शालिग्रामभाऊ आता साठीला आले आहेत. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. गाडी थांबली की आधी टायरला हात लावून बघणारे. या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला वेगळी चावी आहे आणि ती चावी शालिग्रामभाऊंच्या करदोड्याला बांधलेली असायची.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. तुळशीचं लग्न झालेलं, लग्नसराई तोंडावर आलेली. एका सकाळी माझ्या दारात पाच गाड्या उभ्या होत्या आणि पाचही जणांना आत्ताच्या आत्ता जायचं होतं. तेवढ्यात नानासाहेबांची गाडी आली, झटके देत. शालिग्रामभाऊ उतरले. मागून नानासाहेब उतरले आणि इंजिन चालूच ठेवायला सांगितलं.

"मिस्त्री, पाहा बरं जरा. आठ दिवस झाले, नुसती कुथून राह्यली."

मी चालता चालता गाडीच्या मागे गेलो. सायलेन्सरशी वाकलो. कच्च्या पेट्रोलचा भपकारा आला. बोट आत फिरवलं, काळं निघालं. दुसऱ्या गाडीचा मालक माझ्या नावानं हाका मारत होता. मी उठता उठता म्हणालो, "पेट्रोलात भेसळ दिसते, नानासाहेब. टाकी साफ करून घ्या."

शालिग्रामभाऊ पुढं आले. "मिस्त्री, सकाळी दव पडलं का मंगच..."

"तू थांब बे," नानासाहेब म्हणाले. "मिस्त्रीले बोलू दे."

आणि मीही शालिग्रामभाऊंना बोलू दिलं नाही. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावरचा एकही प्रश्न विचारला नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर तो माणूस न विचारता देत होता, ते मी ऐकून घेतलं नाही. सायलेन्सरमधून कच्चं पेट्रोल येतं ते न जळल्यामुळे. आणि न जळण्याची कारणं दहा असतात. हे मी लोकांना शिकवतो. त्या सकाळी मी मिस्त्रीसारखा वागलो नाही, प्लगचा डबा विकणाऱ्या दुकानदारासारखा वागलो. गाडी उद्या ठेवून जा म्हणालो आणि दुसऱ्या गाडीखाली शिरलो.

गाडी दुसऱ्या दिवशी आली नाही. मी विसरून गेलो.

तीन आठवड्यांनी दुपारच्या एसटीनं शालिग्रामभाऊ एकटेच आले. मी बसायला बाक दाखवला. ते बसले नाहीत.

"मिस्त्री, एक इचारू का?"

"इचारा ना, शालिग्रामभाऊ."

"त्या दिवशी तुमी टाकीतलं पेट्रोल काढून पाह्यलं होतं का?"

"नाई."

"प्लग खोलला होता?"

"नाई."

"मंग बोलले काऊन?"

 मग त्यांनी काय झालं ते सांगितलं. माझं वाक्य घेऊन नानासाहेब वरवटला परत गेले आणि बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर, भरल्या माणसांत म्हणाले, "जळगावचा मिस्त्री सांगते, पेट्रोलात भेसळ हाय. टाकीची चावी कोणाजवळ असते? याच्याजवळ. आता तुमीच समजा." लोक समजले. शालिग्रामभाऊ पेट्रोल काढून विकतात आणि त्यात दुसरं काहीतरी ओततात, एवढं सगळं लोकांना माझ्या एका वाक्यावरून समजलं. चावी काढून घेतली, नोकरी गेली.

"म्या म्हटलं त्यायले, नानासाहेब, मिसळाले राकेल तरी भेटते का आता? दिवा लावाले भेटत नाई. तं म्हणते, चोराले सगळं भेटते."

गावात प्रल्हाद म्हणून एकाची शाळेच्या मुलांची व्हॅन आहे. त्याला ड्रायव्हर हवा होता. शालिग्रामभाऊ गेले. प्रल्हाद तोंडावर म्हणाला, वीस वर्षांच्या मालकाच्या टाकीतून काढते, तं माह्या टाकीतून काऊन नाही काढणार.

"घरी जवाई येते," शालिग्रामभाऊ म्हणाले. "त्याच्या समोर जेवाले बसाची लाज वाटते. चोरी केली असती तं एवढी लाज नसती वाटली. म्हटलं असतं, केली."

मला आधी नानासाहेबांचा राग आला. वीस वर्षं ज्याच्या भरवशावर डोळे मिटून मागच्या सीटवर झोपलात, त्याला एका उडत्या वाक्यावर चोर ठरवता? मग टपरीवर बसणाऱ्यांचा राग आला. सगळ्यात शेवटी माझा आला, आणि तो अजून गेलेला नाही. वाईट हे, की सोपा उपायही उरला नव्हता. पेट्रोल तपासणं अवघड नसतं. पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा. चांगलं पेट्रोल उडून जातं आणि डाग ठेवत नाही. पण मीच टाकी साफ करायला सांगितली होती, आणि नानासाहेबांनी ती केलीही होती. ज्या पेट्रोलनं शालिग्रामभाऊ निर्दोष ठरले असते ते कुठल्यातरी गटारात गेलं होतं. आता एकच रस्ता होता. गाडीचा खरा आजार शोधायचा आणि तो सगळ्यांच्या समोर ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप बंद ठेवून मी हत्यारांची पेटी घेऊन वरवटला गेलो. नानासाहेबांच्या अंगणात कापूस मोजणं चाललं होतं. गाडी टिनाच्या शेडमध्ये होती.

"या मिस्त्री. तुमचंच खरं झालं," नानासाहेब म्हणाले. "भेसळीनं इंजिन खाल्लं माहं. मोठ्या वर्कशॉपात नेली होती. त्यायनं टाकी धुतली, पंप बदलला, प्लग नवे, कॉइल नवी. दोन दिवस चालली, मंग पुन्हा तेच. आता म्हणते, इंजिन उतरवा लागते. उद्या पाठवून राह्यलो."

"टाकी धुतली, पंप नवा, तरी मिसिंग गेली नाही ना? मंग पेट्रोलाचा काय गुन्हा, नानासाहेब?"

"इंजिन आतून खराब झालं म्हणते ते."

"कॉम्प्रेशन पाह्यलं त्यायनं?"

"ते का असते?"

पाहिलं नव्हतं. सगळं बदललं आणि दाब मोजला नाही. मी म्हणालो, "मले अर्धा दिवस द्या. आन् शालिग्रामभाऊले बोलवा."

"त्याले काऊन? शेडमंदी पाय नाही ठेवू देणार मी त्याले."

"गाडी त्यालेच माहीत हाय. मले नाही, तुमालेबी नाही. तो नसंन तं मी जातो."

नानासाहेबांनी माणूस पाठवला. शालिग्रामभाऊ आले आणि शेडच्या दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. आवाज ऐकून नानासाहेबांच्या पत्नी, नानीबाई, मागच्या दारात आल्या.

आधी चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही सारखे, वयाच्या मानानं उत्तम. इंजिन आतून धडधाकट होतं. मग गाडी चालू केली. गाडी गुळगुळीत चालली. झटका नाही, थरथर नाही.

"झाली का दुरुस्त?" नानासाहेब म्हणाले. "हात न लावता? मोठे मिस्त्री झाले बा तुमी."

दारातून शालिग्रामभाऊ म्हणाले, "दुपारी नाही करत. सकाळी दव असते तवाच करते. ऊन चढलं का सुधरते. म्या सांगत होतो त्या दिवशी."

"माहीत हाय," मी म्हणालो. "आज ऐकून राह्यलो."

दवात त्रास होतो म्हणजे ठिणगीकडे बघायचं. ठिणगीचा करंट फार जोराचा असतो आणि त्याला लोखंडाकडे पळायची घाई असते. वायर, त्याच्या टोकाची रबरी कॅप आणि प्लगची पांढरी चिनी माती, या तिघांनी मिळून त्याला बांध घातलेला असतो, म्हणून तो सिलिंडरच्या आत जाऊन ठिणगी पाडतो. बांधाला उंदराचं बीळ असलं की पाटाचं पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नाही, करंटचंही तसंच. ओल असली की गळती वाढते. आता दव कुठून आणायचं? नानीबाईंकडे इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली होती. ती मागितली. शेडची दारं ओढून घेतली, खिडकीला पोतं लावलं. भर दुपारी आत अंधार झाला. शालिग्रामभाऊंना मी हाताला धरून आत घेतलं. नानासाहेब बाजूला सरकले.

इंजिन चालू ठेवून मी एकेका वायरीवर बारीक फवारा मारत गेलो. एक नंबर, काही नाही. दोन नंबरवर फवारा पडला आणि गाडी कुथायला लागली. अंधारात कॅपच्या बाजूनं निळा धागा खाली उतरताना दिसला, टक् टक् करत, लोखंडावर.

"हे पाहा," मी म्हणालो. "हा करंट आत जायले पाह्यजे. बाहेर पळून राह्यला."

खात्री करायला रबरी मुठीच्या पकडीनं एकेक वायर क्षणभर उचलली. एक नंबर काढला, इंजिन अजून बिघडलं. म्हणजे तो काम करत होता. तीन, चार, तसंच. दोन नंबर काढला, काहीच फरक पडला नाही. ज्याला काढल्यानं फरक पडत नाही तोच खांदा काढलेला गडी.

दारं उघडली. इंजिन बंद केलं. या गाडीत प्लग वरच्या बाजूनं, विहिरीसारख्या खोल भोकात बसतात, आणि कॅपचं रबर त्या भोकाचं तोंड झाकतं. जुन्या गाडीत ते रबर वाळून कडक होतं. दोन नंबरची कॅप बाहेर काढली. आतून तिला वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ होती. खालचा प्लग नवा, पण त्याच्या पांढऱ्या मातीवरही तीच रेघ उमटली होती. मोठ्या वर्कशॉपनं प्लग नवा टाकला आणि रेघ पडलेली जुनी कॅप त्याच्यावर परत बसवली. नवऱ्या मुलाला आंघोळ घालून मळकं धोतर नेसवावं तसं. दोन दिवसांत जुन्या रेघेनं नवा प्लग जाळला.

बॅटरीच्या उजेडात भोकाच्या तळाशी पाहिलं. तिथं तांबूस खपली होती. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून काढली. तिच्यात दोन पिंगट तंतू होते. अंगणात, गाडीपासून लांब जाऊन, ती खपली स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर धरून खाली काडी पेटवली. वास आला. चिक्कीचा पाक लागल्यासारखा.

नानीबाईंनी वास घेतला. तंतू बोटावर घेऊन पाहिले, तांबडा रंग चोळून पाहिला. "हे कुंकू हाय," त्या म्हणाल्या. "आन् ही नारळाची शेंडी. हे तं दसऱ्याचं नारळ हाय."

"दसऱ्याले दरवर्षीच फोडतो नारळ," नानासाहेब म्हणाले. "याच वर्षी कसं झालं मंग?"

"दरवर्षी तुमी कुठं फोडता? शालिग्राम फोडते, टायरसमोर. यंदा त्याचा भाऊ गेला, त्याले सुतक होतं, तो पूजेले आलाच नाही. तवा तुमी फोडलं. बोनट उघडून सगळं पाणी इंजिनवर ओतलं. म्या म्हटलंबी, तिथं कायले सांडता. तं तुमी म्हणले, गाडीचा जीव तिथंच हाय."

अंगणात कापूस मोजणारी माणसं थांबली होती.

त्यामागचं कारण मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. नारळाच्या पाण्यात साखर असते. ते वाळलेल्या रबराच्या फटीतून भोकात उतरलं आणि चिकटून राहिलं. इंजिनाच्या उष्णतेनं, करंटनं, ते हळूहळू जळत गेलं. जळलेली साखर म्हणजे कोळसा, आणि कोळशावरून करंट वाहतो. म्हणून दसऱ्याला ओतलेलं पाणी दिवाळीनंतर, दव पडायला लागल्यावर, त्रास देऊ लागलं. साधं पाणी असतं तर वाळून गेलं असतं.

नानासाहेबांचा चेहरा ताठ झाला. "देवाच्या पाण्यानं गाडी बिघडते, हे नवीनच ऐकून राह्यलो. पूजेले नाव ठेवता तुमी."

"पूजेले नाही ठेवत. वीस वर्षं शालिग्रामभाऊनं पूजाच केली, गाडी कधी बिघडली नाही. नारळ कुठं फोडाचं ते त्याले माहीत होतं." मग मला जे बोलायचं होतं ते बोललो. "आन् नानासाहेब, त्या दिवशी मी भेसळ म्हटलं ते खोटं होतं. मी टाकी पाह्यली नव्हती, प्लग पाह्यला नव्हता. या माणसानं पेट्रोल काढलं नाही. मी न पाहता बोललो आन् तुमी न इचारता मानलं."

 माझ्या पेटीत जुन्या गाड्यांच्या वायरी असतातच. भोक साफ करून, नवा प्लग आणि नवी वायर टाकून मी गाडी चालू केली, पूर्ण बाटली पाणी तिच्यावर फवारलं. इंजिन जराही थरथरलं नाही.

"बरं," नानासाहेब म्हणाले. "झालं ते झालं. शालिग्राम, उद्यापासून येत जा." आणि खिशातून टाकीची चावी काढून पुढं धरली.

शालिग्रामभाऊंनी हात पुढं केला नाही. "नानासाहेब, तुमी टपरीवर सांगतलं होतं, मी पेट्रोल काढतो म्हणून. तिथं येता का माह्यासंगं? तेवढंच सांगा, का नाही काढलं."

"आता का दवंडी पिटू का मी?"

"तवा पिटलीच होती."

नानासाहेब घरात गेले. चावी त्यांच्याच हातात राहिली. नानीबाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा रे शालिग्राम." शालिग्रामभाऊ म्हणाले, "नाही वयनी, आज नाही." मला त्या क्षणी नानासाहेबांना बाहेर ओढून आणावंसं वाटलं. एवढी मोठी बाग सांभाळणारा माणूस, आणि बसस्टँडपर्यंत चालत जाऊन एक वाक्य म्हणणं त्याला झेपत नव्हतं. इज्जत फक्त मोठ्यांना असते असा आपल्याकडे समज आहे. लहानांची गेली तर 'झालं ते झालं'.

मी जुनी कॅप खिशात टाकली आणि शालिग्रामभाऊंना घेऊन टपरीवर गेलो. तिथं सात-आठ जण होते, व्हॅनवाला प्रल्हादही होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भेसळ नव्हती, चूक माझी होती, नारळाचं पाणी इंजिनात गेलं होतं.  मग एक म्हातारा बिडी विझवत म्हणाला, "मिस्त्री म्हणते तं खरं असंन बाप्पा. पण त्या दिवशीबी मिस्त्रीच म्हणले होते."

  एकतीस वर्षं मी ज्या शब्दावर धंदा केला तो शब्द त्या टपरीवर अर्ध्यावर आला होता, आणि म्हाताऱ्याचं बरोबर होतं.

मी खिशातून कॅप काढून त्याच्या हातात दिली. त्यानं आतली काळी रेघ पाहिली, नाकाशी नेली आणि शेजाऱ्याला दिली. कॅप हातोहात फिरली. प्रत्येकानं वास घेतला. "गोडच हाय ना बे," कोणीतरी म्हणालं. शेवटी ती प्रल्हादकडे आली. त्यानं ती बराच वेळ फिरवून पाहिली. त्यांनी विश्वास ठेवला तो त्या कॅपवर, माझ्यावर नाही.

प्रल्हाद म्हणाला, "शालिग्रामकाका, सोमवारपासून येता का व्हॅनवर?"

"येतो. पण टाकीची चावी तुह्याजवळ ठेव."

"आता कायले, काका? पाह्यलं ना समद्यायनं."

"तुह्याजवळच ठेव."

शालिग्रामभाऊ आता शाळेची व्हॅन चालवतात. मुलं त्यांना सोडत नाहीत, प्रल्हाद त्यांच्यावर खूश आहे. नानासाहेबांची गाडी चारही सिलिंडरवर छान पळते. कोणी विचारलं तर ते "मिस्त्रीनं वायर बदलली" एवढंच सांगतात. पण व्हॅनमध्ये पेट्रोल भरायचं असलं की शालिग्रामभाऊ आधी प्रल्हादच्या दाराशी थांबतात, चावी मागून घेतात आणि भरून झालं की आणून देतात. प्रल्हादनं दहा वेळा सांगून पाहिलं, ते ऐकत नाहीत. वीस वर्षं ज्या माणसानं चावी कमरेला बांधून ठेवली तो आता ती रात्रभरही स्वतःजवळ ठेवायला तयार नाही.

दोन नंबरची वायर बदलायला मला दहा मिनिटंही लागली नव्हती.